वीस मिनिटांची सुटी, अकरा मिनिटांचा डबा

डिचोली तालुक्यातल्या एका खासगी बालवाडीत मी मोठ्या गटाला शिकवते. मराठी माध्यम, दोन वर्ग, दोन शिक्षिका, एक मावशी आणि एक्केचाळीस मुलं. हे प्रकरण त्यातल्या एका मुलीचं. घरी तिला बाय म्हणतात. गोव्यात दर दुसऱ्या घरातली मुलगी बायच असते, त्यामुळे इथेही तेच ठेवते. वय पाच वर्षं दोन महिने. काळ चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधीचे काही आठवडे आणि नंतरचे तीन-चार महिने.

तक्रार दोन्हीकडून एकदमच आली. माझी तक्रार अशी की साडेअकरा वाजले की ही मुलगी सतरंजीवर आडवी होते. सकाळी गाणं म्हणताना सगळ्यांत पुढे आणि आता पेन्सिल धरायला सांगितलं तरी डोळ्यांत पाणी. आईची तक्रार डब्याची. "टीचर, सव्वापाचला उठते मी. आठची शिफ्ट गाठायची असते. आणि दुपारी सासूबाईंचा फोन, डबा परत आला म्हणून. भरलेला, जसाच्या तसा."

त्या वेळी मी जे केलं ते आता सांगायला लाज वाटते. माझ्याकडे 'पौष्टिक डबा' नावाचा एक झेरॉक्स कागद होता. सोमवारी पनीर पराठा, मंगळवारी ब्रोकोलीचे कटलेट, बुधवारी मोड आलेल्या कडधान्याची भेळ, असा सहा दिवसांचा. तो मी आईच्या हातात दिला. तिनं तो फ्रीजवर चिकटवला आणि पुढचे दोन आठवडे जिवाचं रान केलं. एकदा तर म्हापशाहून ब्रोकोली आणली. डबा परत येतच राहिला. फरक एवढाच की आधी चपाती-भाजी परत यायची, आता महागातलं काहीतरी परत यायला लागलं.

कागदावरची प्रत्येक गोष्ट पौष्टिक होती, यात वाद नाही. पण ती मुलगी कोण, कधी उठते, काय खाऊन येते, डबा कुठे बसून खाते, यातलं एक अक्षर त्या कागदाला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं, आणि मी तर रोज तिच्यासमोर उभी असायचे.

घरचं घड्याळ

म्हणून आधी घड्याळ मांडलं. बाय साडेसहाला उठते. सातला चहा. हो, चहाच. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला की दारात ताजे पाव येतात आणि पाव चहात बुडवून खाणं हा आमच्याकडे आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांचा नाश्ता. बायला मात्र पावापेक्षा बिस्किटं आवडतात, चार-पाच. सव्वासातला बस. आठला शाळा. दहा वाजून दहा मिनिटांनी मधली सुटी, वीस मिनिटांची. साडेबाराला शाळा सुटते, घरी पोचेपर्यंत एक. मग शीत-कडी, म्हणजे भात आणि हुमण (माशाचं कालवण), आणि ते ती पोटभर खाते. तिथे कुणाचीच तक्रार नव्हती.

इथे एक गोष्ट लक्षात आली. डबा म्हटलं की आपण जेवणाचा डबा डोळ्यांपुढे आणतो. मुंबई-पुण्यात, जिथे मुलं दुपारी तीनपर्यंत शाळेत असतात, तिथे तो जेवणाचा असेलही. आमच्या मुलांचं जेवण घरी होतं. हा डबा म्हणजे सात ते एक या सहा तासांच्या मधला टेकू आहे. तो जेवणाएवढा असण्याची गरज नाही, पण तो पोटात गेलाच पाहिजे, कारण त्या सहा तासांत दुसरं काहीच नाही.

आकडेच हवे असतील तर, राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १३६० किलोकॅलरी आणि १६ ग्रॅम प्रथिनं लागतात. मधल्या सुटीच्या वाट्याला त्यातला पाचवा हिस्सा धरला तरी पावणेतीनशेच्या आतच आकडा येतो. बायची आई दोन चपात्या, वाटीभर भाजी, एक केळं आणि वर लाडू असं भरून देत होती. मोठ्या माणसाचं जेवण झालं असतं त्यात. मी म्हटलं, एवढं कशाला? तर म्हणाली, "कमी दिसलं तर तुम्ही काय म्हणाल, टीचर?" डबा बायसाठी कमी आणि माझ्यासाठी जास्त भरला जात होता, हे मला तोवर कळलं नव्हतं.

पाच दिवसांची वही

मग मी एक आठवडा सुटीत चहा प्यायला गेले नाही. बायच्या मागे दोन हातांवर स्टूल टाकून बसले आणि वहीत वेळ लिहीत गेले.

सोमवार. घंटा झाली. एक्केचाळीस मुलं, दोन नळ. हात धुऊन बाय जागेवर येईपर्यंत सहा मिनिटं. श्लोकाला एक. मग डबा. नवा, सुंदर, चारही बाजूंनी खटके असलेला, आत चार कप्पे, वर फुलपाखरू. दोन खटके तिनं काढले, तिसरा निघेना. दातांनी ओढून पाहिला. मग मावशीकडे गेली, तिथे आधीच पाच मुलं आपापले डबे घेऊन उभी. परत आली तेव्हा आणखी चार मिनिटं गेली होती. चपातीची गुंडाळी, आत भेंडी. कडा वाळून पापडासारख्या झाल्या होत्या. तीन घास खाल्ले, नीट चावत, सावकाश. शेवटची दोन मिनिटं आवराआवरीची. मावशीनं "चला, डबे बंद" म्हटलं आणि बायनं आज्ञाधारकपणे बंद केला.

वीसमधून नऊ गेले, उरले अकरा. बायच्या बाबतीत सात. घरी एक चपाती खायला हिला अर्धा तास लागतो, हे आजीनं नंतर सांगितलं.

मंगळवारी नूडल्स. पहाटे साडेपाचला शिजवलेल्या नूडल्स दहा वाजता काय होतात ते पाहायचं असेल तर डबा उलटा करावा. वडी पडते.

बुधवारचं प्रकरण जरा गंभीर. कांदेपोहे, वर ओलं खोबरं आणि कोथिंबीर. बायनं झाकण उघडलं, वास घेतला आणि बंद केलं. मी चमचाभर खाऊन पाहिलं. खोबरं विटलेलं होतं. आई निष्काळजी नव्हती. खोबरं त्याच सकाळी खवलेलं, पोहे ताजे. पण कढईतून वाफाळते पोहे थेट डब्यात, वर कच्चं खोबरं, आणि झाकण घट्ट. पावसाळ्यातली दमट हवा, दप्तरात दाबलेला गरम डबा, साडेचार तास. जंतूंना याहून चांगली खोली कुणी बांधून दिली नसती. शिजवलेलं अन्न ५ ते ६० अंशांच्या मधल्या तापमानात दोन तासांपेक्षा जास्त राहू नये असं आरोग्याचे नियम सांगतात. आमचे डबे रोजच ती मर्यादा ओलांडतात. मग निदान आत असं काही असावं की जे तेवढा वेळ तग धरेल. आणि ज्या मुलीला आपण खाण्याची नाटकं करणारी म्हणत होतो, तिचं नाक आपल्यापेक्षा शहाणं निघालं.

गुरुवारी आई थकली असावी. बिस्किटांचा पुडा आणि आंब्याच्या पेयाचं खोकं. चार मिनिटांत फस्त, आणि बाय आनंदात. खोकं मी उचलून वाचलं: १६० मिली, दर १०० मिलीमागे १३ ग्रॅम साखर. म्हणजे एकवीस ग्रॅमच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांखाली आणि जमल्यास पाच टक्क्यांखाली ठेवायला सांगते. बायच्या वयाला पाच टक्के म्हणजे सतरा ग्रॅम, दिवसभराचे. ते एका खोक्यात संपले, सकाळचा चहा आणि बिस्किटं वेगळीच. त्या दिवशी साडेअकराला ती नेहमीसारखी आडवी झालीच, शिवाय जाग आल्यावर चिडचिडी होती.

शुक्रवारी जे पाहिलं त्यासाठीच हे सगळं लिहायला घेतलं. बायनं स्वतःचा डबा उघडलाच नाही. शेजारच्या मुलीच्या ॲल्युमिनियमच्या जुन्या, एका झाकणाच्या डब्यात उकडलेल्या कणगांच्या फोडी होत्या, म्हणजे रताळ्याच्या, आणि सांजणाचा, म्हणजे तांदळाच्या वाफवलेल्या पदार्थाचा, एक तुकडा. बायनं तीन फोडी आणि अर्धं सांजण खाल्लं. हातात धरून, बोलत बोलत, पाच मिनिटांत. भूक होती. चवही होती. नाटकं नव्हतीच.

आजीची पडवी

शनिवारी दुपारी घरी गेले. आई शिफ्टवरून नुकतीच आलेली, कंपनीचा निळा शर्ट अंगावर तसाच. मी वही उघडताच तिचा चेहरा उतरला. "म्हणजे मी विटलेलं देत होते पोरीला?" मी घाईनं म्हटलं, तुम्ही ताजंच देत होता. ते सांगायला मला दोनदा-तीनदा प्रयत्न करावा लागला. असल्या भेटींत शिक्षकाचं निम्मं काम आईला आरोपीच्या पिंजऱ्यातून बाहेर काढण्यात जातं. माझा झेरॉक्स कागद मी फ्रीजवरून स्वतः काढला, त्याचा थोडा उपयोग झाला.

आजी पडवीत अळसांदे, म्हणजे चवळीसारखं कडधान्य, निवडत बसली होती. तिचं आधी मत होतं की आमच्या वेळी कुणी डबे नेले नाहीत आणि कुणी मेलंही नाही. मग मी कणगांचं सांगितलं तेव्हा ती सुपावरून मान वर करून म्हणाली, "मग इतके दिवस विचारलं का नाही? परसात आहेत." आईनं कणगां डब्यात द्यायचा विचारच केला नव्हता. ते घरचं खाणं, शाळेत कसं न्यायचं? हे मी इतर घरांतही पाहिलंय. नाचणी, अळसांदे, कणगां, सालदाटी केळी या गोष्टी घरात मुलं आवडीनं खातात, पण डब्यात त्यांची आपल्याला लाज वाटते. डब्यात पोरांना मोबाइलवर पाहिलेलं काहीतरी हवं असं आपणच ठरवून टाकतो.

बसल्या बसल्या आणखी एक विषय निघाला. बायच्या पापणीचा आतला भाग फिका दिसत होता. मी डॉक्टर नाही, म्हणून एवढंच म्हटलं की आरोग्य केंद्रात एकदा रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन १०.४ निघालं. पाच वर्षांवरच्या मुलांत साडेअकराच्या खाली आकडा असेल तर रक्तक्षय धरतात. डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं, लोहाचं सिरप सुरू केलं आणि सकाळचा चहा बंद करायला सांगितला. चहातली टॅनिनं अन्नातलं लोह शरीराला घेऊ देत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत गोव्यातल्या पाच वर्षांखालच्या निम्म्याहून अधिक मुलांत रक्तक्षय आढळला होता. शिकलेलं, खातंपितं राज्य म्हणून आपण मिरवतो, आणि हा आकडा. साडेअकराची पेंग नुसत्या रिकाम्या पोटाची नव्हती तर. रक्तक्षय डब्यानं बरा होत नाही, त्याला औषधच लागतं. चहा बंद झाल्याचं सगळ्यांत जास्त दुःख आजोबांना झालं, त्यांची सकाळची भागीदार गेली. त्यांनी मग तिला आपल्या बशीतून दूध प्यायला शिकवलं.

काय बदललं

पहिला बदल शाळेत झाला, आणि त्याला एक रुपयाही लागला नाही. हात धुण्याची रांग आम्ही घंटेच्या आधी, दहा वाजून तीन मिनिटांनी लावायला लागलो. मावशी त्याच वेळात सगळ्या डब्यांची झाकणं सैल करून ठेवते. अकराची सतरा मिनिटं झाली, एक्केचाळीस मुलांसाठी. इतकी वर्षं मी या शाळेत आहे आणि हे कधी सुचलं नाही. पालकसभेत मात्र मी दर वर्षी पौष्टिक आहारावर भाषण करत आले.

दुसरा बदल डब्याचा. फुलपाखराचा डबा खेळण्यांत गेला. बाजारातून एक चपटा स्टीलचा डबा आला, एका खटक्याचा. दुकानातच आईनं बायच्या हातात देऊन म्हटलं, उघड. उघडता आला तो घेतला. डबा विकत घेताना आपण गळती पाहतो, रंग पाहतो, किंमत पाहतो. ज्यानं उघडायचा त्याच्या बोटांत किती जोर आहे हे पाहायचं राहून जातं.

आतलं सामान निम्मं झालं. आईला हे सर्वांत जड गेलं. पहिल्या दिवशी तिनं मला फोटो पाठवून विचारलं, एवढंच? नाचणी आणि तांदळाच्या पिठाचं पातळ घावण, चौघडी करून, आणि कणगांच्या तीन फोडी. हिशेब केला तर तीस ग्रॅम नाचणी, वीस ग्रॅम तांदूळ, चमचाभर तेल आणि कणगां मिळून अडीचशेच्या आसपास किलोकॅलरी होतात. नाचणीत १०० ग्रॅमला साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, म्हणजे त्या एका घावणात शंभराच्या वर. या वयाची दिवसाची गरज ५५० ची. प्रथिनं मात्र त्यात चारच ग्रॅम, म्हणून आठवड्यातून दोनदा अळसांदे आले. मूठभर कोरडे अळसांदे, वीसेक ग्रॅम, साडेचार ग्रॅम प्रथिनं देतात. रात्री भिजवून, सकाळी शिजवून, सुके परतायचे, वर लिंबू पिळायचं. लिंबातलं क जीवनसत्त्व कडधान्यातलं लोह शरीराला घ्यायला मदत करतं. तोणाक नव्हे हं, डब्यात रस नको. बाय ते एक एक करून बोटांनी खाते, मोजत. "टीचर, आज सतरा होते."

खोबऱ्याशिवाय आमचं स्वयंपाकघर चालत नाही, तेव्हा ते काढून टाका म्हणणं फुकट होतं. आजीनंच तोड काढली: डब्यापुरतं खोबरं तव्यावर कोरडं, तांबूस होईतो भाजायचं. कच्चं वरून पेरायचं नाही, निदान दिवाळीपर्यंत. गरम पदार्थ ताटात पसरून दहा-पंधरा मिनिटं निवू द्यायचा, मगच झाकण. वाफ आत कोंडली नाही की घावण ओलंही होत नाही आणि विटतही नाही. रात्रीच्या उरलेल्या भाताला सकाळी फोडणी देऊन डब्यात घालणं पूर्ण बंद केलं. भात रात्रभर ओट्यावर राहिला तर त्यात एक जातीचा जंतू विष तयार करतो आणि ते विष परतण्यानं जात नाही. हे ऐकून आजी माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिली. शिळ्या शितावर तिची पिढी वाढलेली. मी वाद घातला नाही, घरी खा म्हटलं, डब्यात नको.

काय जमलं नाही

तांबडी भाजी, म्हणजे लाल माठ. कशातही, कुठल्याही रूपात. घावणात बारीक चिरून घातली तर तिनं घावणातून उपसून काढली, शस्त्रक्रिया करावी तशी. घरी भाताबरोबर खाते, डब्यात नाही. सोडून दिलं.

अंडंही फसलं. पहिल्या दिवशी अर्धं उकडलेलं अंडं मजेत खाल्लं. दुसऱ्या खेपेला रांगेतल्या एका मुलानं नाक धरलं, आणखी दोघांनी त्याचं पाहून. बायनं झाकण लावलं. पुढच्या दिवशी मी स्वतः मुलांत बसून अंडं खाल्लं, मुलांनी माझ्याकडेही नाक धरून पाहिलं. सोमवार, गुरुवार, श्रावण असं सोडून उरतात ते दिवसही किती? अंडं आता दुपारी घरी.

चवथीनंतरचा आठवडाभर डब्यात नेवऱ्या (करंज्या) आणि लाडू होते. त्या आठवड्याची नोंद मी वहीत ठेवलेली नाही, ठेवणाऱ्याला गोव्यात राहायचा अधिकार नाही.

फाटकाबाहेरच्या गाड्याचंही राहिलंच. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त मीठ, साखर आणि चरबीचे पदार्थ विकू नयेत असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. आमच्या फाटकाबाहेर शाळा सुटायच्या वेळी एक गाडा लागतो, केशरी कुरकुरीत पुड्यांच्या माळा लटकवलेला. आमच्या मुख्याध्यापिका त्याच्याशी बोलल्या. तो समजूतदार निघाला, आंब्याच्या झाडाच्या अलीकडून पलीकडे गेला. बायची बस झाडाच्या पलीकडेच थांबते.

नोव्हेंबरअखेर बाय साडेअकराला आडवी व्हायची थांबली. त्यात सिरपचा वाटा किती, चहा गेल्याचा किती आणि डब्याचा किती, हे मला वेगळं काढून सांगता येणार नाही. हिमोग्लोबिन पुन्हा तपासलं तेव्हा ११.६ होतं. डबा अजूनही आठवड्यातून एखाद्या वेळी अर्धा परत येतो. आई आता फोन करत नाही, दुसऱ्या दिवशी तेच थोडं कमी देते.

परवा आईनं फाटकात गाठून नवाच प्रश्न विचारला. पुढच्या वर्षी बाय शेजारच्या अनुदानित प्राथमिक शाळेत पहिलीत जाईल. तिथे पीएम पोषणचा, म्हणजे सरकारी मध्यान्ह भोजनाचा, आहार मिळतो. आमच्यासारख्या खासगी बालवाडीला तो नाही. स्वयंसाहाय्य गटाच्या बायका पाव आणि पातळ भाजी घेऊन येतात. नियमानं त्या आहारात ४५० किलोकॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं असायला हवीत, म्हणजे आमच्या डब्याच्या दीडपटीहून जास्त. मग डबा द्यायचा की नाही? दिला आणि तिनं पाव खाल्ला तर डबा परत येणार. नाही दिला आणि तिला भाजी तिखट लागली तर उपाशी राहणार. मी म्हटलं, पहिले आठ दिवस नुसतं एक सालदाटी केळं द्या आणि तिथल्या टीचरना सांगून एकदा सुटीत जाऊन बसा. तिनं शिफ्टचा विचार केला असावा, क्षणभर थांबली, आणि म्हणाली, "आजीला पाठवते."